आमची म्हातारी घरीच असते

२०११ चा फेब्रुवारी. आंबा मोहोरावर होता, तुडतुडा पडला होता आणि मी पाठीवर पंप अडकवून कलमांत निघायच्या घाईत होतो. एवढ्यात जनगणनेचे मास्तर ओटीवर येऊन टेकले. आमच्याच शाळेतले, ओळखीचे. नावं, वयं, शिक्षण भरून झालं आणि आयेचा नंबर आला.

"आजी काय काम करतात?"

"काय नाय. घरीच असते."

"शेतात जातात काय?"

"जाते अधूनमधून."

मास्तरांनी रकान्यात काय भरलं ते मी बघितलंही नाही. नेमकी त्याच वेळी आये मागल्या दारी पातेऱ्याचा हारा डोक्यावरनं उतरवत होती. हारा ठेवला, हात धुतले, मास्तरांना गूळ-पाणी आणून दिलं, चुलीवर चहा ठेवला. मास्तर चहा पिऊन पुढल्या घराला गेले. तो चहा कुठल्या रकान्यात गेला, मला माहीत नाही.

रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "अदूनमदून म्हंजे किती रं?"

मी हसण्यावारी नेलं. आता पुन्हा जनगणना तोंडावर आली आहे, २०२७ ची. तेव्हा सहासष्ट वर्षांची असलेली आये आज ऐंशीच्या पुढं आहे. मी साठी ओलांडली. आणि मुंबईहून धाकट्या भावाचा दर रविवारी फोन असतो, "आता आयेला इकडं आण. तिथं ती करते काय? नुसती एसटीनं फिरते. इथं आराम करील, पोराजवळ बसंल." हे वाक्य मी इतक्या लोकांकडनं, इतक्या गोड आवाजात ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. म्हातारी काय करते ते एकदा लिहूनच काढतो. मी काही मोठा लेखक नव्हे, १९८० सालची दहावी. पण हिशोब मला येतो.

पहिली कबुली माझीच. मास्तर गेल्यावर कितीतरी दिवसांनी मला कळलं की शेतीपुरती चूक त्या फॉर्मची नव्हती. आपल्या कुटुंबाच्या शेतात बिनपगारी राबलं तरी जनगणना त्याला कामच म्हणते. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त राबलात तर मुख्य काम करणारे, त्याहून कमी तर सीमांत. आता बघा. माघात कवळ तोडायची, ती भाजावळीला तरव्याच्या जागेवर पसरायची, वर शेण-पातेरा घालून जाळायची. मिरगाला पेरणी, मग तरवा काढायचा, लावणी, बेणणी, भादव्यानंतर कापणी, भारे बांधायचे, झोडायचे, उडवी रचायची. मधल्या दिवसांत काजूची बी गोळा करायची, रातांबे फोडायचे, वानरांच्या मागं डबा बडवत धावायचं. यातलं कुठलं काम आयेनं केलं नाही? सरकारच्या व्याख्येतसुद्धा ती शेतकरीण होती. तिला त्यातनं काढली ती मी, तिच्या शिकलेल्या लेकानं, एका शब्दानं.

आणि ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नव्हे. त्याच २०११ च्या मोजणीत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका निघाल्या. त्याआधी २००१ ला १,१३६ होत्या. लोकांना वाटतं, वा, काय पुढारलेला जिल्हा! अहो, पुढारलेला कसला, पुरुष परळ-लालबागला, आणि गिरण्या गेल्यावर नालासोपारा नि दिव्याला. दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्याच ऐंशी हजारांनी घटली, १६ लाख ९६ हजारांवरनं १६ लाख १५ हजारांवर. मागं राहिलं कोण? घरोघरच्या आया नि आज्या. कोकणातल्या घराची कौलं कुणाच्या मनिऑर्डरीनं चढली ते सगळे सांगतात. त्या कौलांखाली चूल पेटती कुणी ठेवली, ते विचारलं की उत्तर माझ्यासारखंच येतं, घरीच असते.

आता तिचा आठवडा.

आयेचा आठवडा बाजाराच्या दिवसापासनं सुरू होतो, मग तो कॅलेंडरात कुठंही असो. आमची वाडी पावसच्या पुढं, डोंगराच्या बाजूला. सकाळच्या गाडीनं ती रत्नागिरीला जाते. आदल्या दिवशी संध्याकाळी ती सात घरं फिरते. कुणाचं रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, कुणाच्या मिक्सरचं भांडं दुरुस्तीला, कुणाला छत्रीची काडी बसवून हवी, कुणाच्या नातवाला दोन रेघी वह्या. आयेला लिहिता-वाचता येत नाही. पण प्रत्येक घरचे पैसे वेगळ्या गाठीत. पदराला दोन, कनवटीला एक, पिशवीतल्या फडक्याला चार. कुठली गाठ कुणाची नि त्यात किती, ह्यात तिची आजवर चूक झालेली मी बघितली नाही. सोबत तिचा स्वतःचा माल. दिवसानुसार ओल्या काजूचे गर, आमसुलं, केळफूल, अळूची जुडी, पावसात परसातली पडवळं नि शिराळी. गोणपाट टाकून बाजाराच्या कडेला बसते. दुपारच्या गाडीनं परत, भाट्याच्या पुलावर आली की तिला डुलकी लागते नि पावसला बरोबर जाग येते.

माझ्या दोन पोरांच्या वह्या, घरातली मीठ-मिरची, सुनेच्या आजारपणातली पहिली धावपळ, ही सगळी त्या गोणपाटावरनं आली आहे. आंब्याचे पैसे वर्षातनं एकदा येतात, तेही दलालानं दिले तर नि तेव्हा. आणि १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळासारखं साल आलं तर येतच नाहीत. त्या दिवशी आमच्या कलमांखाली आंब्यांचा सडा होता. मी डोक्याला हात लावून गडग्यावर बसलो. आये हारा घेऊन आली नि वेचायला लागली. पिकतील त्यांची साठं, कच्च्यांचं लोणचं नि आंबोशी. "पडलाव ता पडलाव, कुजवायचा कशाला?" त्या पावसाळ्यात बाजाराला आमच्याकडनं गेलं ते तेवढंच.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तर वर्षांवरच्या माणसांना एसटी फुकट झाली. पुढं २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. चांगलंच झालं. पण तेव्हापासनं एक नवीन टोमणा गाडीत ऐकू येतो. मी स्वतः ऐकला आहे. एक कानात बोंडकं घातलेला पोरगा म्हणाला, "म्हाताऱ्यांना काय, फुकट आहे म्हणून फिरतात." त्याच गाडीत आयेच्या पिशवीत त्याच्याच वाडीतल्या तीन घरांची औषधं होती. शहरात हेच काम मोटारसायकलवरचे पोरगे करतात. त्यांना टी-शर्ट असतो, फेरीमागं पैसे असतात, आणि उशीर झाला तर लोक तक्रार करतात, म्हणजे त्याला काम मानतात. आयेला उशीर झाला तर लोक म्हणतात, म्हातारी बोलत बसली असंल कुठं.

बोलत बसते, हे खरं आहे. बोलण्याविषयीच मला जास्त लिहायचं आहे.

पूर्णगडाच्या बाजूची एक मासेवाली आमच्याकडं यायची. मुसलमान बाई, आयेपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. आये तिला नुसतं "गो बाय" म्हणायची, ती आयेला "वयनी". डोक्यावर पाटी घेऊन चालत यायची. ओटीच्या पायरीवर पाटी टेकायची, पाणी प्यायची, चहा व्हायचा. आमच्याकडं पैसे नसायचे. आगोटीला ती सुका बांगडा, सुकट, सोडे देऊन जायची आणि भात झोडलं की तांदूळ घेऊन जायची. मधले सहा महिने हिशोब दोघींच्या डोक्यात. कागद नाही, व्याज नाही. एका वर्षी करप्यानं आमचं भात गेलं. आये तांदूळ द्यायला उठली तर त्या बाईनं पाटी उचलली नि म्हणाली, "पुढल्या सालाला." पुढल्या साली तिचा मुलगा आजारी पडला, तेव्हा आयेनं दोन सालांचे तांदूळ घातले नि वर दोन पायली. कोणती बँक असं करते, सांगा. मी पीककर्जासाठी किती खेपा घातल्या आहेत, मला विचारा.

आता त्या बाईचे गुडघे गेले. आमच्या वाडीत मासे घेऊन टेम्पो येतो, भोंगा वाजवत. तरी आये दर आठवड्याला एकदा गाडी बदलून तिच्याकडं जाते. जाताना कुळथाचं पीठ, कधी घावनं. दोघी करतात काय? मी एकदा पोचवायला गेलो होतो म्हणून मला माहीत. अर्धा तास दोघी काहीच बोलल्या नाहीत. ती सुकट निवडत होती, आये पण निवडायला बसली. मग हळूहळू गोष्टी निघाल्या. कुणाच्या मुलीचं लग्न कुठं ठरतंय, कुणाच्या होडीला यंदा काहीच लागलं नाही, शिमग्यात पालखीच्या वाटेवर कुणी काय कुरबूर केली. त्या शेवटच्या गोष्टीवर दोघींनी बराच वेळ विचार केला. घरी आल्यावर आये आमच्या वाडीतल्या दोघा पोरांच्या घरी गेली, त्यांच्या आयांना काहीतरी सांगितलं. काय ते मला कळलं नाही. पालखी मात्र नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या वेळेला, शांतपणे गेली. नंतर शांतता समितीची बैठक झाली, चहा-बिस्किटं झाली, फोटो पेपरात आला. फोटोत मीही आहे, डावीकडनं चौथा.

रेशनचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्याही घरी चालतं. अंगठा लावायचा, मशीन म्हणतं जुळत नाही. आयेच्या बोटांवर रेघा उरल्याच नाहीत. राखेनं भांडी, शेणानं सारवण, विळा, दोरखंड, यांत झिजल्या. ज्या कामानं रेघा गेल्या ते काम सरकारला दिसत नाही, आणि रेघा गेल्या म्हणून तांदूळ मिळत नाही. एका बँकेत तर तिला हयातीचा पुरावा मागितला. ती काउंटरपुढं उभी होती! ती म्हणाली, "मी हाय ना हितं." साहेब म्हणाले, मशीनमध्ये दिसायला पाहिजे. चार खेपा झाल्या. ह्या चार खेपा म्हणजे चार दिवस, आणि ते दिवस लोकांच्या भाषेत "फिरायला गेली".

मग लेकींकडं जाणं. माझ्या दोन बहिणी, एक लांज्याकडं दिली, एक पालीच्या बाजूला. आठवड्याआड एकीकडं तिची फेरी असते. पिशवी बघितली तर तुम्ही म्हणाल पाहुणी चालली आहे. कोकम, पोहे, एखादा नारळ. पण पिशवीच्या तळाला पुड्या असतात. राख लावून ठेवलेलं वालाचं बी, पडवळाचं, तवशाचं, पावसाळी भेंडीचं. तिकडनं येताना तिकडचं बी येतं. आमच्या परसातला पांढरा वाल लांज्याहून आला, आणि लांज्याचा वाल एका साली माकडांनी साफ केला तेव्हा आमच्याकडनं परत तिकडं गेला. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं राखल्याबद्दल पद्मश्री मिळाली. मला फार आनंद झाला, मी आयेला फोटो दाखवला. ती म्हणाली, "बरा झाला. ह्ये आमी पन करतांव." मग थोडा वेळ फोटो बघून, "लुगडा झ्याक हाय तिचा."

लेकींकडच्या फेरीतली एकच गोष्ट सांगतो. पालीकडच्या बहिणीची मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. बापाचं म्हणणं, स्थळ आलंय, शिकून काय करायचं, फी कोण भरणार. बहीण घाबरट, ती गप्प. मला फोन आला, मी म्हटलं भाऊजींच्या घरात मी कसा बोलू? मान-अपमान. पुरुषाला ही एक सोय असते, मान आडवा येतो नि तोंड बंद ठेवायला मिळतं. आये गेली. दोन दिवसांसाठी म्हणून गेली ती नऊ दिवस राहिली. भांडली नाही. जावयाच्या घरी रोज सकाळी उठून अंगण सारवायची, भांडी घासायची, आणि जेवायला बसा म्हटलं की म्हणायची, "फी भरलास काय? भरलास की जेवतंय." भाकरी नि चहावर राहिली. पाचव्या दिवशी वाडीतल्या बाया विचारायला लागल्या, सासू जेवत का नाही? आठव्या दिवशी जावई कर्ज काढून फी भरून आला. नवव्या दिवशी म्हातारी दोन वेळा वरण-भात जेवली नि गाडीत बसली. ती मुलगी आज नर्स आहे, पगारदार, आणि बापाच्या मोतिबिंदूचा खर्च तिनंच केला. त्या नऊ दिवसांत माझा भाऊ फोनवर म्हणाला होता, "म्हातारी पावनी जाऊन बसलेय, घरी दुधाचं कोण बघतंय?"

म्हणजे बघा, ती गेली की दुधाचं कोण बघतंय हा प्रश्न येतो. ती असते तेव्हा मात्र ती काही करत नसते.

हे मला खरं कळलं ते तिचा हात मोडल्यावर. दोन सालांमागचा जुलै, लावणीचे दिवस, चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ. ती घसरली, उजवं मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर. मी म्हटलं, चला, सुनबाई आहे, मी आहे, कसली अडचण. पहिल्या आठवड्यात कोंबड्या दोन कमी झाल्या, कारण संध्याकाळी मोजायच्या असतात हे कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात वरच्या घरातल्या काकूंच्या गोळ्या संपल्या आणि तीन दिवस कुणाला पत्ता नाही, चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळलं. विरजण मोडलं. माझ्या बायकोची नि शेजारच्या जाऊबाईंची पाण्याच्या पाळीवरनं जुंपली, जी गेली वीस वर्षं जुंपत का नव्हती हे त्या दिवशी उमगलं. लावणीला बायका मिळेनात. आयेच्या शब्दावर येणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या लावणीला आये जायची, आमच्या लावणीला त्या यायच्या. त्या आल्या तरी, पण तिला बघायला आल्या आणि मला ऐकवून गेल्या. शेवटी रोजानं लावणी केली, बाईला चारशे रुपये आणि दोन वेळचा चहा. लावणीपुरतेच माझे नऊ हजार गेले. त्या नऊ हजारांचं आयेला सांगितलं तर ती प्लास्टरच्या हाताकडं बघत म्हणाली, "अदूनमदून!"

इतक्या वर्षांनी. विसरली नव्हती.

आता हिशोबाचं. जमिनीचा एक दावा आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासनं चालू आहे. सातबाऱ्यावर नावं इतकी की वाचता वाचता चहा थंड होतो. आणि त्यात आयेचं नाव लागलं ते बाबा गेल्यावर, वारस म्हणून. चाळीस वर्षं जमिनीत राबून लागलं नाही, विधवा झाल्यावर लागलं. तर तारखेला गेलो असताना वकिलांच्या ऑफिसात बसलो होतो. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या केसेस ते चालवतात. मी सहज विचारलं, घरातली म्हातारी गेली तर कायदा तिची किंमत किती धरतो? त्यांनी जुना निकाल सांगितला. १९८९ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यातल्या समारंभात आग लागली, साठ माणसं गेली, त्यात पुष्कळ बाया-मुलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३ हजार धरावी. आणि ६२ ते ७२ वयाच्या वृद्ध बायकांच्या कामाची? वर्षाला २० हजार. त्याआधी १० हजारच धरली होती, ती वाढवून एवढी.

वीस हजार भागिले तीनशे पासष्ट. दिवसाला पंचावन्न रुपयांच्या आत. निकाल जुना आहे, मान्य. न्यायाधीशांना मी नावं ठेवत नाही, उलट त्यांनी निदान आकडा तरी लिहिला. आम्ही घरच्यांनी तोही लिहिला नव्हता.

वकीलसाहेबांनी पुढलंही सांगितलं. २०१० च्या एका निकालात न्यायमूर्ती गांगुलींनी फटकारलं आहे की २००१ च्या जनगणनेनं घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांच्या गटात, भिकारी नि कैद्यांच्या शेजारी बसवलं. आणि जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणांनी सरकारचेच आकडे दिले. २०११ ला घरकाम हेच मुख्य काम म्हणून सांगणाऱ्या बायका जवळजवळ १६ कोटी, पुरुष ५८ लाखांच्या आत. २०१९ च्या पाहणीत बिनपगारी घरकामाला बायकांची रोजची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. आमच्या वाडीत ९७ मिनिटं घरकाम करणारा पुरुष कोण, ते मला एकदा बघायचं आहे. मी माझी मोजली. गुरांना पाणी पाजणं धरून बावीस झाली.

ह्यावर दोन प्रकारचे लोक अंगावर येतात. पहिले म्हणतात, आईच्या मायेला पैशात मोजता? हे लोक मला ओळखीचे आहेत. हेच लोक मे महिन्यात "मायेची पेटी" म्हणून आंबा नेतात नि पेटीत डझन भरतात की नाही ते मोजून घेतात. माया मोजायची नाही तर मग सगळ्यांचीच मोजू नका. बापाची मनिऑर्डर काकुत्स्थासारखी भिंतीवर टांगायची नि आईची भाकरी मात्र आभाळातनं पडली म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि ह्या लोकांनी आजीचं एक चित्र करून ठेवलं आहे, गोधडी, पाणीदार डोळे, घावनं, डोक्यावर हात. अशी आजी मी पुस्तकांत पुष्कळ वाचली. आमची तशी नाही. ती शिव्या देते, भावात घासाघीस करते, तिला गोड खायचा सोस आहे, आणि शेजारणीशी तीन वर्षं अबोला धरण्याची ताकद आहे.

दुसरे म्हणतात, सरकार देतंय की आता. देतंय? लाडकी बहीण योजनेचे दीड हजार २०२४ पासून सुरू झाले, वय २१ ते ६५. म्हणजे पासष्ट उलटली की बहीण लाडकी राहत नाही. श्रावणबाळ योजना आहे, पण ती गरिबीचा दाखला काढून घ्यायची. ती कामाची बिदागी नव्हे, दया आहे. शरद जोशींनी १९८६ साली चांदवडला बायकांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, पुढं लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावानं जमिनी केल्या. ते वारं घाट उतरून आमच्यापर्यंत फारसं आलं नाही. आलं असतं तरी आमच्या सातबाऱ्यावर नवीन नाव घुसवायला जागा कुठं होती!

माझी मागणी पगाराची नाही. "ती काही करत नाही" हे वाक्य बंद करा, एवढीच आहे. कारण ह्या वाक्यावरच पुढचा सगळा बेत उभा राहतो. काही करत नाही, मग मुंबईला आणा. आराम करील, पोराजवळ बसंल. ह्यातलं "पोराजवळ बसंल" तेवढं नीट वाचा. भाऊ नि भावजय दोघं सकाळी सातच्या लोकलला निघतात, रात्री नवाला येतात. लहान नातू दीड वर्षाचा. पाळणाघराचे पैसे महिन्याचे किती ते भावानंच मला सांगितलं होतं, रडत. भावावर माझा राग नाही. त्याची ओढाताण मी डोळ्यांनी बघितली आहे, तिसऱ्या मजल्यावरची ती एक खोली नि स्वयंपाकघर. त्याला मदत हवी आहे तर त्यानं तसं म्हणावं. "आये, माझं अडलंय, दोन वर्षं ये." आये कदाचित जाईल. पण आराम म्हणून न्यायचं नि बारा तास पोर सांभाळायला लावायचं, आणि पुन्हा पाहुण्यांना सांगायचं की आईला आणलंय, आता काही करायला लागत नाही, ह्याला आमच्याकडं लबाडी म्हणतात.

मी तिलाच विचारलं. एवढं सगळं लिहिलं आणि तिला विचारलंच नव्हतं, हेही माझंच. म्हटलं, आये, ही सगळी धावपळ तुला आवडते काय?

"आवडता कशाला? क्येला पायजे म्हनून करतांव."

"मग मुंबईला जातेस?"

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबवलं नाही. "तिकडं एसटी थांबता काय दारात?"

"नाय."

"पूर्णगडाला कवा नि कशी जायची मी?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. रविवारी भावाचा फोन आला तेव्हा मी तोच प्रश्न त्याला विचारला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दादा, ती मासेवाली अजून हाय?" आहे म्हटलं. लहानपणी ती त्याला पाटीतली एक तारली जास्त द्यायची. मग तो म्हणाला, गणपतीला येतो तेव्हा बसून बोलू, तोवर बायकोशी बोलतो.

मास्तर आता नवे येतील, म्हणे मोबाईलवर भरून घेणार आहेत. मी पाठीवर पंप न अडकवता ओटीवर बसणार आहे. पण हा लेख वाचून दाखवत होतो तेव्हा इथवर येऊन आयेनं मला थांबवलं. म्हणाली, तू सांगू नुको, मीच सांगतंय, मास्तरांना फकस्त बाजाराच्या दिवशी येव नुको म्हनावं. मग उठली, कारण संध्याकाळ झाली होती नि कोंबड्या मोजायच्या होत्या. मी बसल्या जागेवरनं मोजल्या. अकरा भरल्या. ती म्हणाली, बारा, एक चुलीमागं खुडूक बसलेय.